सतरा पानांची जोंगा

नागोरावांनी तो प्रश्न विचारला तेव्हा सलिलच्या हातात सतरा पानं होती. छापील, कोपऱ्यात स्टेपल केलेली, आणि अकराव्या पानावर जोंगा या त्याच्या जीपच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची त्याने स्वतः काढलेली आकृती होती, जिचा त्याला मनातून फार अभिमान होता. येरवड्यातल्या त्या गॅरेजच्या दारात उभं राहून तो अर्धा तास बोलत होता. शेजारी जोंगा उभी होती: लष्कराने वर्षानुवर्षं राबवून लिलावात काढलेली, हिरवी, चौकोनी, कपाटाला चाकं लावल्यासारखी. तिचं जुनं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन काढायचं, जागी पिकअपचं डिझेल इंजिन बसवायचं, त्यामुळे गाडीच्या नाकावरचं वजन बदलतं म्हणून पुढचे पाटे बदलायचे, पुढचे बदलले की मागचेही बदलायचे, असं सगळं त्याने क्रमवार सांगितलं. नागोराव हात पुसत ऐकत होते. साठी ओलांडलेला, मूळ परभणीकडचा हा मिस्त्री पंचवीस वर्षं पुण्यात राहून पुण्याचा झाला नव्हता, आणि कुणाचं बोलणं मध्येच तोडायचं नाही ही त्याची सवय सलिलला फार आवडायची. सलिल थांबल्यावर ते म्हणाले, "साहेब, तुम्ही म्हणायलाव ते समदं बरोबर हाय. फक्त एक सांगा. गाडीत बसणार किती जण?"

सलिलने पानं चाळली. चाळताना त्याला कळत होतं की उत्तर त्यात नाही, तरी माणूस खिसे चाचपतो तसा तो चाचपत राहिला. "का? म्हणजे, त्याने काय फरक पडतो?"

"पाटे माणसं बघून घालावे लागतेत," नागोराव म्हणाले. "सहा जणांसाठी कडक पाटे घातले अन् बसला एकटाच माणूस, तर गाडी त्याला उडवून लावती. तुमच्या ह्या कागदात वजन हाय, माप हाय, माणूसच नाही."

ते सहज बोलले आणि एका रिक्षाच्या इंजिनाकडे वळले. सलिल मात्र गाडी तिथेच ठेवून, पानं काखेत मारून, रस्त्यावर येऊन उभा राहिला आणि त्याला नेमकं काय झालं ते बराच वेळ कळलं नाही. कॅबमध्ये बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण दुखावलो आहोत. आठ वर्षं झाली जोंगा घेऊन. आठ वर्षं तो दर शनिवारी तिच्या भविष्याची आखणी करत होता. सुरुवातीला त्याला वाटलं होतं की फक्त इंजिन बदलायचं आहे. पण इंजिन ठरेना, कारण गिअरबॉक्स ठरत नव्हता. गिअरबॉक्स ठरेना, कारण चाकांचा आकार ठरत नव्हता. चाकं ठरेनात, कारण गाडी किती उचलायची ते पाट्यांवर अवलंबून होतं. आणि पाटे ठरेनात, कारण इंजिनाचं वजन माहीत नव्हतं. अशी प्रत्येक गोष्ट दुसरीच्या गळ्यात हात घालून बसलेली. खराडीच्या ऑफिसात त्याला याच कामाचा पगार मिळायचा. कोणतं काम कशावाचून अडलंय याचे तक्ते करायचे आणि सोमवारी सगळ्यांना दाखवायचे. तिथे निदान सोमवार यायचा. जोंगाला सोमवार नव्हता. एकदा आठवड्यातून ती सुरू करायची, नागोरावांकडे न्यायची, नवीन शंका विचारायची आणि परत आणायची, एवढाच तिचा प्रवास. आणि या सगळ्या काळात डोळ्यांपुढे जे चित्र होतं त्यात नदीचं पात्र होतं, दगड होते, चिखल उडत होता, स्टिअरिंगवर त्याचे स्वतःचे हात होते. पण शेजारच्या सीटवर कोण होतं? त्याने कॅबच्या खिडकीबाहेर बघत चित्र पुन्हा नीट पाहिलं. शेजारच्या सीटवर सतरा पानं होती.

घरी अकराव्या मजल्यावर त्याची बायको ऋचा जेवायला वाढत होती. ती फिजिओथेरपिस्ट होती आणि जोंगाकडे ती धंद्याच्या नजरेने बघायची; आत्तापर्यंत जोंगात बसलेल्या चार जणांपैकी दोघं नंतर तिच्याकडे कंबर घेऊन आले होते. सलिलने ताटावर बसता बसता शक्य तितक्या हलक्या आवाजात विचारलं, "समजा, समजाच हं, गाडी पूर्ण झाली. तर तिच्यातून फिरायला कोण कोण येईल?"

"तू," ऋचा म्हणाली. तिने आमटी वाढली. "मोजून एक."

"मी गंभीरपणे विचारतोय."

"मी पण गंभीरपणेच मोजलं."

टेबलाच्या टोकाला अप्पा होते. शरच्चंद्र, सलिलचे वडील, वय अठ्ठ्याहत्तर, चौतीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी आई गेली, नारायण पेठेतल्या दुसऱ्या मजल्याचे जिने अप्पांच्या गुडघ्यांना झेपेनात, म्हणून सलिलने त्यांना खराडीत आणलं होतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी बाल्कनीतून काचेच्या इमारतींकडे पाहून जाहीर केलं होतं, "हे पुण्यात येतं असं कुणीतरी मला सिद्ध करून दाखवावं." कुणी दाखवलं नाही. सुरुवातीला ते सोसायटीच्या फाटकापर्यंत जायचे. मग बाकापर्यंत. मग लिफ्टपर्यंत, मग बाल्कनी. गेले पाच महिने ते दाराबाहेर गेले नव्हते. ऋचाने एकदा त्यांच्या पोटऱ्या पाहून सलिलला बाजूला नेऊन सांगितलं होतं की हे स्नायू चालले आहेत, त्यांना बाहेर काढ. सलिलने विनवलं होतं, रागावून पाहिलं होतं, एकदा तर कॅब बोलावून खाली उभी केली होती. अप्पांनी दर वेळी एकच प्रश्न विचारला होता: "प्रयोजन काय?" आणि फिरायला जाण्याचं प्रयोजन फिरणं हे असतं, हे उत्तर त्यांच्याकडे पूर्वीपासून चुकीचं धरलं जाई.

अप्पांनी हात पुढे केला. "आण इकडे ते कागद."

सलिल एकदम नववी ‘ब’त जाऊन बसला. तो वडिलांच्याच वर्गात होता. शाळेत त्यांना ‘सर’ म्हणायचं आणि घरी ‘अप्पा’, हे त्याला नीट जमायचं, फक्त एकदा तापात त्याने आईला "सरांना बोलाव" असं म्हटलं होतं. स्प्रिंगला वजनं टांगून तिचं लांबणं मोजायचा प्रयोग होता, आकडे सगळे बरोबर आले होते, आणि अप्पांनी भर वर्गात त्याची वही वर धरून विचारलं होतं, "पाच काय? पाच केळी?" चाळीस मुलं हसली. त्यानंतर आजतागायत सलिल कुठलाही आकडा लिहिला की त्याच्यामागे एकक लिहायचा, दूधवाल्याच्या कॅलेंडरवरसुद्धा. पण त्या हसण्याचं एकक त्याला कधी सापडलं नाही. आत्ता अप्पा चष्मा कपाळावर ढकलून पानं अगदी डोळ्यांजवळ धरून वाचत होते आणि तो सेहेचाळीस वर्षांचा माणूस आमटीतला चमचा न हलवता बसून होता. अप्पा सहाव्या पानाशी थांबले.

"गाडीचं मूळ वजन. हा आकडा कुठून आणलास?"

"इंटरनेटवरून."

"कुणी मोजलं?"

"म्हणजे... तिथे दिलंय."

"ऐकीव," अप्पा म्हणाले. "पुढची अकरा पानं ऐकीव आकड्यावर उभी आहेत. चाळीस वर्षं ठिगळं लावलेल्या गाडीचं वजन कारखान्यातल्या दिवसाइतकंच राहील? तुझं राहिलंय?"

ऋचा खाली मान घालून जेवत होती, तिचे खांदे हलत होते.

"मोजावं लागेल," अप्पांनी पानं परत ढकलली. "रिकामी, मग भरलेली. प्रत्येक माणूस उतरवत उतरवत. आकडे मी लिहून घेईन. तुझ्यावर विश्वास नाही असं नाही, पण नोंद करणारा आणि गाडीचा मालक एकच असू नये."

सलिलने चमचा खाली ठेवला. "म्हणजे तुम्ही येणार? अप्पा, वजनकाटा वाघोलीच्या पुढे आहे. तुम्ही कशातून येणार?"

"गाडीतून," अप्पा म्हणाले. "तिचंच वजन करायचंय ना?"

त्या रात्री, झोपण्याआधी, ऋचा त्याला एवढंच म्हणाली, "मी येतेय. गाडीसाठी नाही. त्यांच्या मणक्यासाठी." सलिल पडून राहिला. आठ वर्षांत पहिल्यांदा त्याच्या गाडीत घरची माणसं बसणार होती. त्याला आनंद व्हायला हवा होता, पण त्याला घाम फुटला होता, कारण आता ती गाडी खरोखर कुठेतरी जाणार होती. आणि गाडी बंद पडली तर? आराखडा कधी बंद पडत नाही. आराखड्याचा रेडिएटर उकळत नाही. त्याला शरमेने जाणवलं की आपल्याला ती गाडी पूर्ण व्हायला नकोच होती. पूर्ण झालेल्या गाडीत बसून माणसाला कुठे तरी पोचावं लागतं.

रविवारी सकाळी नऊला नागोराव जोंगा घेऊन सोसायटीच्या फाटकात आले. अप्पा लिफ्टमधून उतरले ते इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं, हातात जाड पुठ्ठ्याची वही अशा थाटात. फाटकापाशी ते थबकले आणि उन्हाकडे त्यांनी असं पाहिलं, जणू ओळखीचा माणूस आहे पण नाव आठवत नाही. मग ते गाडीकडे वळून नागोरावांना म्हणाले, "नमस्कार. आपणच का ते, माणसं किती हे विचारणारे?"

"हो जी," नागोराव म्हणाले.

"प्रश्न योग्य होता," अप्पा म्हणाले, आणि ऋचाने ठेवलेल्या स्टुलावर पाय ठेवून, दांडीला धरून, एकदा घसरून, दुसऱ्यांदा चढले. सलिलने आयुष्यात सतरा वेळा तरी बोर्डात यायची स्वप्नं पाहिली असतील या एका शेऱ्यासाठी. तो नागोरावांना पहिल्या भेटीत मिळून गेला.

वाटेत बोलणं शक्य नव्हतं. जोंगा रस्त्यावर चालत नसे, रस्त्याशी भांडत असे. प्रत्येक गतिरोधकावर चौघंही एकदम वर जायचे आणि वेगवेगळे खाली यायचे. मागून ऋचा ओरडत होती, "अप्पा, पाठ टेका! पाठ उशीला लावा!" आणि अप्पा पुढच्या सीटवर दोन्ही हातांनी दांडी धरून म्हणत होते, "अकरा!" ते गतिरोधक मोजत होते. सलिलचं लक्ष रस्त्यावर कमी आणि तापमानाच्या काट्यावर जास्त होतं. काटा चढत होता. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला अप्पांची मांडी दिसत होती, पँटच्या कापडाखाली ती जवळजवळ नव्हतीच. लहानपणी स्कूटरवर तो या माणसाच्या पाठीमागे बसायचा तेव्हा समोरचं काहीच दिसायचं नाही. सबंध लक्ष्मी रोड ती पाठ ओलांडून जाईपर्यंत अस्तित्वातच नसायचा. आता त्याच माणसापलीकडे सगळं दिसत होतं: दुकानं, टँकर, मंगल कार्यालयाच्या कमानी, उसाच्या रसाची गुऱ्हाळं.

वजनकाटा म्हणजे मोकळ्या मैदानात जमिनीलगत बसवलेला लांब लोखंडी फलाट, त्याच्या बाजूला पत्र्याची खोली, आणि खोलीवर लाल आकड्यांची पाटी. रविवार असल्याने एकही ट्रक नव्हता. खिडकीतल्या माणसाने, त्याचं नाव वैजनाथ असं त्याने आपण होऊन सांगितलं, पावतीवर पेन टेकवून विचारलं, "माल काय?"

"माल नाही," सलिल म्हणाला. "आम्हीच आहोत."

वैजनाथने गाडीकडे पाहिलं, चौघांकडे पाहिलं. "इथं वाळू येते, भंगार येतं, कोंबड्या येतात. माणसाचा रकाना नाही. किरकोळ लिहितो."

जोंगा फलाटावर चढली. सगळे बसलेले असताना लाल आकडा स्थिरावला: दोन हजार दोनशे वीस. अप्पांनी लिहिलं, पुढे ‘किलोग्रॅम’ लिहिलं, वेळ लिहिली. ऋचा म्हणाली, "मी शेवटी उतरणार आणि तेव्हा कुणीही पाटीकडे बघणार नाही." अप्पा म्हणाले, "प्रयोगाची सुरुवात माझ्यापासून." नागोरावांनी त्यांना काखेत धरून अलगद उतरवलं, फलाटाच्या बाहेर नेऊन उभं केलं आणि स्वतः परत गाडीत जाऊन बसले. आकडा थरथरला आणि थांबला. दोन हजार एकशे ऐंशी.

चाळीस. सलिल स्टिअरिंगवर हात ठेवून त्या पाटीकडे बघत राहिला. चाळीस किलो म्हणजे सिमेंटच्या एका पोत्याहून कमी. ज्याने सबंध वर्ग एका भुवईने गप्प केला, आईच्या मागे सलग तेरा दिवस एकदाही आवाज न चढवता आल्यागेल्याचं केलं, तो माणूस गाडीतून उतरला आणि गाडीला जेमतेम कळलं. बाहेर अप्पा उन्हात उभे होते, शर्टाच्या बाह्या त्यांच्या हातांभोवती रिकाम्या फडफडत होत्या, आणि ते त्याच्याकडेच बघत होते.

"चेहरा सरळ कर," ते म्हणाले. "हा काटा वीस-वीस किलोच्या टप्प्यानं वाचतो. दोन वाचनांची वजाबाकी आहे, म्हणजे मी वीस ते साठच्या दरम्यान कुठेही असू शकतो."

सलिलने नाक ओढलं. "वीस, अप्पा?"

"वीसची शक्यता कमी. बोलतोय अजून."

मागच्या सीटवर ऋचा आधी हसली आणि मग तिने ओढणीने डोळे पुसले. हसणं कुठे संपलं ते सलिलला कळलं नाही. मग नागोराव उतरले, सलिल उतरला, ऋचा उतरली तेव्हा सगळ्यांनी शब्दाप्रमाणे माना वळवल्या आणि वैजनाथने तिचा आकडा खिडकीतून मोठ्यांदा वाचला. अप्पांनी वहीत सगळं मांडून नागोरावांना दाखवलं. नागोराव फलाटावर उकिडवे बसून गाडीच्या पोटाखाली बघत होते. ते उठले आणि म्हणाले, "नवं काही नको साहेब. मागं सात पाटे हायेत, ते तोफगाडा ओढायला. दोन काढून टाकू. तुम्ही चौघं-पाच जण आरामात बसताल. अन् इंजिन," त्यांनी बॉनेटवर थाप मारली, "इंजिन हाय तेच राहू द्या. म्हातारं हाय, पण त्याला कशासाठी बदलायचं ते तुमच्या कागदात कुठंच लिहिलेलं नाही."

सलिलने कागदांसाठी काखेकडे हात नेला आणि त्याच्या लक्षात आलं की ते तो घरीच विसरला होता.

परत निघायला त्याने किल्ली फिरवली. बॉनेटखालून एक पुटपुट आली आणि थांबली. पुन्हा फिरवली. या वेळी पुटपुटही नाही. बॅटरी बसली होती. ज्याला आठ वर्षं घाबरलो ते इतकं साधं असतं हे पाहून सलिलला आश्चर्य वाटलं. आभाळ जागच्या जागी होतं, फक्त गाडी ढकलायची होती. पण सुमारे दोन टनांची गाडी ढकलायला तिघं तरी हवेत, आणि स्टिअरिंगवर एक हवा. वैजनाथला काटा सोडून यायची मुभा नव्हती. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग नाइलाजाने चौथ्याकडे.

"क्लचचा सिद्धांत मला अवगत आहे," अप्पा म्हणाले.

"अप्पा, नको," सलिल म्हणाला.

"मग तू बस, मी ढकलतो."

नागोरावांनी त्यांना सीटवर बसवलं, खाली पुठ्ठ्याची वही दिली म्हणजे काचेतून दिसेल, दुसरा गिअर टाकून दिला, क्लचवर पाय ठेववून घेतला. "मी ‘हां’ म्हणलो की पाय उचलायचा. बास, दुसरं काही करायचं नाही." तिघं मागे गेले. पत्रा उन्हाने तापला होता. सलिलने खांदा लावला, त्याच्या एका बाजूला ऋचा, दुसऱ्या बाजूला नागोराव, आणि गाडी आधी हललीच नाही, मग बोटभर, मग पाऊलभर, मग ती फलाटावरून उतरली आणि आपल्या मर्जीने चालू लागली. "हां!" नागोराव ओरडले. जोंगाने एक झटका खाल्ला, काळा धूर तिघांच्या तोंडावर सोडला आणि इंजिन धडधडत सुरू झालं.

आणि ती थांबली नाही.

सलिल धावला. मैदान मोठं होतं आणि रिकामं होतं, पण पलीकडे फाटक होतं, फाटकापलीकडे रस्ता, आणि त्याच्या मनात तो रस्ता एका क्षणात टँकरांनी भरून गेला. समोर सीटच्या पाठीवर त्याला अप्पांचं फक्त टाळूपर्यंतचं डोकं दिसत होतं. फाटक जवळ आलं. तेवढ्यात गाडीच्या उजव्या बाजूने एक हात बाहेर आला, पांढऱ्या शर्टाचा, सरळ ताठ, जसा पूर्वी स्कूटरवरून वळताना बाहेर यायचा. तो हात रीतसर, कुणीही मागे नसताना, वळण्याची खूण करत राहिला, आणि जोंगा फाटकाच्या अलीकडे संथपणे उजवीकडे वळली, कुंपणाच्या कडेने मैदानाला वळसा घालून परत त्यांच्याच दिशेने येऊ लागली. काचेमागे अप्पांचा चेहरा परीक्षेच्या हॉलमध्ये असायचा तसा कडक होता. फक्त कान लाल झाले होते.

"अप्पा!" सलिल दोन्ही हात हलवत ओरडला. "ब्रेक! मधलं पेडल! ब्रेक दाबा!"

गाडी सायकलच्या वेगाने त्याच्या बाजूने जाऊ लागली. अप्पांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"का?" त्यांनी विचारलं.

आणि ते पुढे गेले. सलिल धापा टाकत तिथेच उभा राहिला. त्याने खरोखर विचार करून पाहिला आणि थांबण्याचं एकही प्रयोजन त्याला सापडेना. ऋचा फलाटाच्या कडेला बसून पोट धरून हसत होती, आणि वैजनाथ खिडकीतून तिला ओरडत होता की काट्यावरून उठा, नाहीतर तुमची पुन्हा पावती होईल. मैदानाच्या टोकाशी पांढरा हात पुन्हा बाहेर आला. सलिलही हसू लागला. नागोराव कडुनिंबाखाली गेले, खांद्यावरचं फडकं त्यांनी झाडाच्या बुडाशी अंथरलं.

"साहेब, टाकीत पेट्रोल किती हाय?"

"अर्धी असेल," सलिल म्हणाला.

नागोरावांनी जोंगाकडे पाहिलं, टाकीचा अंदाज घेतला, आणि शेजारची जागा हाताने झाडली.

"मग बसा की," ते म्हणाले. "टाईम लागंल."